कृपेनं तारण म्हणजे नेमकं काय? बेळगाव भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हे प्रश्न कुठंही गाठतात. चर्चमधली कॉलेजची पोरं विचारतात, शेजारी विचारतात, मयताच्या घरी ओट्यावर बसल्या बसल्याही कुणीतरी विषय काढतो. उत्तरं देणारा मेथडिस्ट (प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ) घरातला आहे, त्यामुळं झुकाव थोडा तिकडचा असणारच. कॅथलिक शिकवण जिथं वेगळी आहे तिथं तीही सांगितली आहे.

आधी थोडक्यात सांगा. कृपेनं तारण म्हणजे काय?

माणूस पुण्य साठवून देवापर्यंत पोचत नाही. देवच येशू ख्रिस्ताच्या रूपानं माणसाकडं आला, वधस्तंभावर मेला, पुन्हा उठला आणि त्यातून माणसाचं पाप माफ होऊन देवाशी तुटलेलं नातं जुळलं, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. माणसानं ते विश्वासानं स्वीकारायचं. प्रेषित पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या-नवव्या वचनांत हे नेमकं मांडलंय: तारण कृपेनं आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी कमावलेलं नाही, म्हणून कुणी त्याची बढाई मारू नये. बढाईबद्दलचं हे शेवटचं कलम लोक घाईघाईत वाचून पुढं जातात. पौलाला ते फार महत्त्वाचं वाटत होतं, का ते पुढं येईलच.

तारण कशापासून?

बहुतेकांच्या डोक्यात नरक येतो. नरकाची शिकवण ख्रिस्ती धर्मात आहेच, पण तारण तेवढ्यापुरतं नाही. पाप म्हणजे दारू, चोरी, व्यभिचार अशी यादी, असं आपण धरून चालतो आणि त्या यादीत आपलं नाव नसलं की निवांत होतो. रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो की सगळ्यांनीच पाप केलंय. देवाकडं पाठ फिरवून स्वतःलाच केंद्र करून जगणं हे मुळातलं पाप. सोवळ्यात राहणारा, महिन्याला दशांश देणारा, सभेत पहिल्या रांगेत बसणारा माणूसही तसं जगू शकतो. बायबलचा नवा करार तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो: झालंय, होतंय, व्हायचंय. म्हणजे माफी एका क्षणात मिळते, पण स्वभाव बदलायला जन्म जातो.

म्हणजे हे कर्जमाफीसारखंच की?

आमच्याकडं उपदेशात हाच दाखला हमखास येतो, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं सोसायटीचं कर्ज असतं. काहींची जमीन हद्दीच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं, त्यामुळं २०१७ ची महाराष्ट्राची माफी, २०१८ ची कर्नाटकाची, परत २०१९ ची महाराष्ट्राची, सगळ्या तारखा पाठ.

दाखला निम्मा बरोबर आहे. फेडण्याची ताकद नसलेल्याचं देणं दुसऱ्यानं रद्द केलं, इथपर्यंत जुळतं. पण कर्जमाफीत बँकेचं काही जात नाही, सरकार तिजोरीतून भरतं आणि तिजोरी तुमच्या-आमच्या कराची. वधस्तंभाच्या शिकवणीत मात्र ज्या देवाचं देणं आपण लागत होतो त्यानंच ते स्वतःच्या अंगावर घेतलं. तिथं तिसरा कुणी भरणारा नाही. दुसरं, माफीनंतर सोसायटीचा सेक्रेटरी तुम्हाला घरी जेवायला बोलवत नाही. खातं बंद, विषय संपला. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप मात्र उधळपट्टी करून परतलेल्या पोराचं खातं बंद करून थांबत नाही. तो पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, बोटात अंगठी घालतो, पायात जोडे घालायला लावतो, वासरू कापायला सांगतो. पोरानं वाटेत घोकून आणलेलं वाक्य होतं, 'मला मजूर म्हणून ठेवा.' बाप ते वाक्य पुरं होऊच देत नाही. अर्हतेचा फॉर्म तर लांबच.

आणि अर्हता म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच.

मग जे नियमित भरत आले त्यांचं काय? हा अन्याय नाही का?

सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हाच, असं मला वाटतं. कर्जमाफी झाली की गावात पहिला ओरडा नियमित फेडणाऱ्यांचा उठतो. 'आम्ही बायकोचं डोरलं गहाण ठेवून हप्ता भरला, आणि त्यानं बुलेट घेतली, त्याचं माफ?' दोन्ही सरकारांना शेवटी नियमित भरणाऱ्यांसाठी वेगळी रक्कम जाहीर करावी लागली, ती याच ओरड्यामुळं.

येशूला हा ओरडा चांगला ठाऊक होता. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊ वाजता, बारा वाजता, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, आणि तीही शेवटी आलेल्यापासून वाटायला सुरुवात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हजेरीवर राबलेल्या बाईला ही गोष्ट सांगून बघा. ती पहिल्यांदा विचारते, 'मग उद्या पहाटे कोण येणार?' हिशेब बिनतोड आहे. पण तिलाच तीच गोष्ट नीट वाचून दाखवली की ती दुसऱ्या एका ओळीवर थांबते. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, 'आम्हाला कुणी कामावर लावलं नाही म्हणून.' नाक्यावर शेवटपर्यंत कोण उरतं हे तिला कुणी समजावायला लागत नाही. म्हातारा, लंगडा, गेल्या हंगामात मुकादमाशी भांडलेली. पोट त्यांनाही तेवढंच असतं.

ही गोष्ट मजुरीच्या कायद्याची नाही आणि तिच्या आधारानं कुणी मजुरांना कमी पगार देत असेल तर ती लबाडी आहे. मुद्दा एवढाच, की पहाटेच्या मजुरांना ठरलेलं पुरतं मिळालं. त्यांचं दुखणं स्वतःच्या मजुरीचं नव्हतं, शेजाऱ्याच्या मजुरीचं होतं. उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचं दुखणंही तेच. तो शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि घरात पाऊल ठेवत नाही. बाप बाहेर येऊन त्यालाही विनवतो, 'जे माझं ते सगळं तुझंच आहे.' थोरला आत गेला की नाही, लूकनं लिहिलेलं नाही. आमच्याकडं उपदेश बहुधा धाकट्याच्या रडण्यावर संपतात. चर्चच्या बाकांवर बसलेल्यांत मात्र थोरलेच जास्त असतात आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो जॉन वेस्ली असाच थोरला भाऊ होता. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, दीक्षित पाळक, पहाटे उठून प्रार्थना, उपास, तुरुंगात कैद्यांच्या भेटी. अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणूनही जाऊन आला आणि हताश होऊन परतला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या बैठकीत तो मनाविरुद्धच गेला. तिथं कुणीतरी रोमकरांच्या पत्रावरची जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं. ऐकता ऐकता त्याला पहिल्यांदा जाणवलं की ख्रिस्तानं 'माझं' पाप घेतलंय. त्याच्या भाषेत, हृदयाला एक वेगळीच ऊब आली. नंतरही तो पहाटे उठतच राहिला, कैद्यांना भेटतच राहिला, घोड्यावरून हजारो मैल फिरला. फक्त आता ते कमावण्यासाठी उरलं नव्हतं.

कृपा फुकट असेल तर चांगलं वागायचंच कशाला?

पौलालाही लोकांनी हेच विचारलं होतं. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? 'कधीच नाही,' असं तो रोमकरांच्या सहाव्या अध्यायात ठणकावतो. इफिसकरांच्या पत्रात कर्मांनी तारण नाही म्हटल्यावर लगेच पुढच्याच वचनात तो सांगतो की देवानं आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय. नव्या करारातल्या पत्रात याकोब तर आणखी रोखठोक. त्याच्या मते ज्या विश्वासातून काही कृती निघत नाही तो मेलेला आहे. उघड्या-उपाशी भावाला 'सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून वाटेला लावणारा माणूस त्यानंच रंगवलाय.

दीट्रिख बोनहॉफर नावाचा जर्मन पाळक होता, हिटलरला विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं. शिष्यत्वाशिवाय, पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या माफीला त्यानं 'स्वस्त कृपा' म्हटलं. रविवारी माफी मागून सोमवारी भावाच्या वाट्याच्या बांधावर कोर्टात खोटी साक्ष देणारे आपल्याकडं कमी नाहीत. त्यांना बोनहॉफर वाचून दाखवावा लागत नाही, गाव त्यांना ओळखून असतं.

आयुष्यभर गुन्हे करून शेवटच्या क्षणी पश्चात्ताप केला तर?

येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं वचन मिळालं. बाप्तिस्मा नाही, चर्चची वर्गणी नाही, एकही सत्कृत्य करायला सवड नाही. तेव्हा उत्तर होय असंच आहे.

मात्र दोन गोष्टी. एक, त्या गुन्हेगाराला वधस्तंभावरून खाली उतरवलं गेलं नाही. उद्या हिंडलगा जेलमधल्या एखाद्या कैद्यानं मनापासून पश्चात्ताप केला तर कृपा त्याची शिक्षा रद्द करत नाही. ज्या घरातला माणूस त्यानं मारला, त्या घरानं त्याला लगेच मिठी मारावी असा हट्टही कुणी धरू नये. दुसरं, शेवटचा क्षण आपल्याला कळेल अशी खात्री कुणी दिली? खानापूरच्या घाटातल्या वळणावर कुणाला कळतो?

दारू पिऊन गेलेल्या माणसाचं तारण झालं असेल का?

हा प्रश्न मयताच्या घरीच येतो, आणि तोही हळू आवाजात. कधी बायको विचारते, कधी आई. 'अण्णा, त्यांचं काय झालं असंल हो?' खरं उत्तर असं की निवाडा देवाचा आहे आणि कुणाही पाळकाच्या हातात ती वही नाही. व्यसन हा आजारही आहे. त्या माणसानं किती वेळा सोडायचा प्रयत्न केला, रात्री एकट्यानं काय प्रार्थना केली, हे आपल्याला ठाऊक नसतं. अशा वेळी दफनाच्या प्रार्थनेत दारूच्या दुष्परिणामांवर उपदेश झाडणारे मी पाहिलेत. ते कृपेचं शिक्षण नव्हे.

कॅथलिक म्हणतात कर्मं लागतात आणि प्रॉटेस्टंट म्हणतात फक्त विश्वास. खरं काय?

ही वाटणी जेवढी ऐकायला येते तेवढी सरळ नाही. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा धर्मशिक्षक माणसाच्या स्वतःच्या ताकदीवर फार भर देत होता. बिशप ऑगस्टिननं त्याला विरोध केला आणि पुढं ५२९ मध्ये ऑरेंज इथल्या धर्मसभेनंही सुरुवात देवाच्या कृपेपासूनच होते असं ठरवलं. ती शिकवण कॅथलिकांची आजही आहे. १५१७ मध्ये ल्यूथरनं दंडमाफीपत्रांच्या (पापाची शिक्षा माफ झाल्याच्या चिठ्ठ्यांच्या) विक्रीवर बोट ठेवलं, वाद पेटला. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं कॅथलिक भूमिका लिहून काढली. त्यात कृपेशिवाय निव्वळ स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं या मताचा धिक्कारच आहे. फरक होता तो असा: देव माणसाला नीतिमान 'ठरवतो' की आतून नीतिमान 'करतो', आणि त्यात माणसाच्या सहकार्याला किती जागा.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मूळ गाभ्यावर एकमत, तपशिलात फरक शिल्लक. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि पुढं ते मेथडिस्टांकडं गेलं, तर कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. म्हणजे इथल्या एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन घरांनी जे अजून 'तुमचं वेगळं, आमचं वेगळं' म्हणून धरून ठेवलंय, त्यातलं बरंचसं वरच्या पातळीवर मिटलेलं आहे. लग्नं ठरवताना ही बातमी कुणी सांगत नाही.

जुन्या गोव्याला चालत जाणं, नवस फेडणं यानं तारण मिळतं का?

३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आपल्या भागातून लोक घाट उतरून चालत जातात. पायाला फोड, खांद्याला पिशवी, ओठांवर रोझरी. वारी पाहिलेल्याला त्यात नवीन काही वाटणार नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणेही चालणं ही तारणाची किंमत नव्हे. ती प्रार्थना आहे, प्रायश्चित्त आहे, आभार आहे. अडचण येते ती 'पोरगं पास झालं तर चालत येईन' या सौद्यात. नवसाची सवय आपल्या मातीत सगळ्यांनाच आहे, ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. देव त्या आईवर रागावत असेल असं मला वाटत नाही. पण पोरगं नापास झालं म्हणून देवानं करार मोडला असं तिला वाटू लागलं, तर तिला कृपा कुणी नीट सांगितलीच नाही.

वारकरी संतही कृपाच मागतात. मग फरक काय राहिला?

जवळीक खरी आहे, ती नाकारण्यात काही शहाणपण नाही. तुकोबा स्वतःला पतित म्हणवतात आणि विठ्ठलाला पतितपावन. स्वतःच्या पुण्याईचा भरवसा त्यांनाही नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. अभंगाच्या चालीवरची ख्रिस्ती भजनं मराठी उपासनेत आजही पेटी-तबल्यावर गायली जातात.

फरक कुठं पडतो? ख्रिस्ती श्रद्धेत कृपा एका ठरावीक माणसाशी आणि इतिहासातल्या एका घटनेशी बांधलेली आहे: रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात यरुशलेमबाहेर वधस्तंभावर मेलेला येशू. पुनर्जन्माची साखळी तिथं नाही, मरण एकदाच आणि मग न्याय. हे दोन्ही बाजूंनी मोकळेपणानं बोलता येतं. 'सगळं एकच आहे' म्हणणाऱ्याला आणि 'तुमचं सगळं चूक' म्हणणाऱ्याला, दोघांनाही ऐकायचा कंटाळा असतो.

मग ख्रिस्ती नसलेल्या माझ्या आईचं काय?

यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. काही मंडळ्या ठाम सांगतात की उघड विश्वासाशिवाय तारण नाही. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, असं मांडलं की ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान त्यांच्या दोषाशिवाय पोचलं नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, तेही ख्रिस्ताच्याच कृपेनं. वेस्ली मानायचा की माणूस देवाकडं वळायच्या आधीपासून कृपा प्रत्येकात काम करत असते. मी वेस्लीच्या बाजूनं आहे आणि पुढचा निवाडा देवावर सोडतो.

एकदा मिळालेलं तारण जातं का?

सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेत नाही. देवानं धरलेला हात सुटत नाही. मेथडिस्ट आणि कॅथलिक म्हणतात, माणूस स्वतः हात सोडवून घेऊ शकतो, आणि परतही येऊ शकतो.

बाप्तिस्मा घेतल्याशिवाय चालत नाही का?

बाप्तिस्मा ही येशूची आज्ञा आहे आणि सगळे मुख्य पंथ तो देतात. कॅथलिक त्याला तारणासाठी आवश्यक मानतात, मात्र इच्छा असूनही संधी न मिळालेल्याला ते वगळत नाहीत. वधस्तंभावरचा तो गुन्हेगार सगळ्यांच्याच लक्षात असतो.

तारण कृपेनं झालं असेल तर मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला?

आपल्याकडं १ नोव्हेंबर म्हटलं की एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. ख्रिस्ती पंचांगात तो सर्व संतांचा दिवस, आणि २ तारीख मृतांची. त्या दिवशी कॅथलिक घरं दफनभूमीत कबरी झाडून मेणबत्त्या लावतात. त्यांच्या शिकवणीत कृपेत मेलेल्याचंही देवासमोर जाण्याआधी शुद्धीकरण होतं आणि जिवंतांची प्रार्थना त्याला साथ देते. म्हणजे तारण झालेल्यांसाठीच ही प्रार्थना. बहुतेक प्रॉटेस्टंट ही शिकवण मानत नाहीत, ते मृतांबद्दल आभार मानतात. कबरीवर फुलं दोघांचीही असतात.

पैसे, नोकरी देऊन लोकांना बाटवतात म्हणे. हीच का तुमची कृपा?

आमिष देऊन कुणाला आणलं तर ती कृपेचीच थट्टा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचं दान विकत घ्यायला पैसे पुढं करतो. पेत्र त्याला सरळ सुनावतो की तुझे पैसे तुझ्याबरोबर नाश पावोत. जे विकत घेता येत नाही ते विकताही येत नाही. कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी मंजूर केलं ते आपल्या बेळगावातल्या सुवर्णसौध या विधानभवनातच. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं. कायद्याच्या बाबतीत सल्ला हवा असेल तर वकील गाठा, उपदेशकाला विचारू नका. मात्र दुष्काळात धान्य देणं, शाळा-दवाखाना चालवणं याला सरसकट आमिष म्हणणंही बरोबर नाही. दिलेल्या भाकरीच्या बदल्यात काही मागितलं का, एवढं बघायचं.

मी ख्रिस्ती नाही. उपासनेला येऊन बसलं तर चालेल का?

चालेल की. बेळगावात मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत उपासना होतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. नाही तर तासभर न समजणारा उपदेश ऐकत बसावं लागेल. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, त्या वेळी जागेवर बसून राहिलात तर कुणी वाईट वाटून घेत नाही. अर्पणाची थैली समोर आली तर नुसती पुढं सरकवा, पाहुण्यानं टाकलंच पाहिजे असं काही नाही. उपदेश पटला नाही तर दारात पाळक भेटतात, त्यांना तिथंच विचारा.